नंबरकाकांचा तक्ता

नंबरकाकांचं दुकान इतकं चिंचोळं होतं की आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. लांबी मात्र भरपूर. एका टोकाला गिऱ्हाइकाचं स्टूल, दुसऱ्या टोकाला आकड्यांचा तक्ता, मध्ये बरोबर सहा मीटर. डोळे तपासायला तेवढंच अंतर लागतं. म्हणून चाळीस वर्षांपूर्वी, कुणीच घेत नव्हतं ते हे दुकान काकांनी हसत हसत घेतलं. चष्म्याचे नंबर काढता काढता त्यांचं नावच नंबरकाका पडलं. खरं नाव आता दुकानाच्या परवान्यावर तेवढं उरलं होतं.

काका कामाला चोख. काच घासावी तर त्यांनीच. पण त्यांच्या हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. तपासणीची ती जड गोल फ्रेम नाकावर चढली की गिऱ्हाइकाला मान हलवता येत नाही, उठून जाता येत नाही. काका नेमके तेव्हाच सुरू व्हायचे.

"शाळेत आता फळ्याच्या जागी पडदा आलाय. बाई बटण दाबतात आणि कोपऱ्यात उभ्या राहतात. मग शिकवतं कोण, बाई की बटण? हं, हे स्पष्ट की आधीचं?"

"आधीचं."

"आणि बातम्या! पाच माणसं एकदम ओरडतात, त्याला हे चर्चा म्हणतात. आमच्या घरी असं झालं तर आम्ही त्याला भांडण म्हणतो. आता हे बघा. बरं वाटतंय?"

गिऱ्हाईक लवकर सुटका व्हावी म्हणून 'बरं वाटतंय' म्हणायचं. मग मोबाईलची पाळी. मोबाईलवर काका घसरले की त्यांना आवरणं कठीण. आणि या सगळ्यावर त्यांच्याकडे एक हुकमी पुरावा होता. तो पुरावा दुपारी दोन वाजता पाठीवर दप्तर घेऊन दुकानात यायचा.

"ही माझी नात. अकरा वर्षांची. आजवर मोबाईलला बोट लावलेलं नाही, घरात टीव्ही नाही. चल गं बिट्टी, दाखव जरा."

बिट्टी दप्तर ठेवून स्टुलावर बसायची, एक डोळा काळ्या चमच्यानं झाकायची आणि तक्त्याची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा म्हणायची. "पाच, आठ, दोन, सहा, तीन." मग दुसरा डोळा झाकून पुन्हा तेच. समोरची एखादी आई लगेच आपल्या चष्मेवाल्या पोराकडे डोळे वटारून बघायची. त्या पोराचं बिट्टीविषयी काय मत होत असेल ते वेगळं सांगायला नको.

बिट्टीचे वडील दुसऱ्या शहरात नोकरीला, दोन महिन्यांतून एकदा यायचे. आई कुरिअरच्या कचेरीत. त्यामुळे पोरगी अडीच वर्षांची असल्यापासून दुकानातच वाढलेली. काका तिला मांडीवर घेऊन तक्त्याजवळ बसायचे. पाटी कशाला हवी, एवढा मोठा तक्ता आहे की, म्हणत एकेका आकड्यावर तिचं बोट ठेवायचे. तक्ता जसा होता तसा ती शिकली. तिला एकच्या आधी पाच यायला लागला, आणि काकांना त्याचं कोण कौतुक!

दोन वर्षांपूर्वी एका स्थानिक वर्तमानपत्राची बातमीदार चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला आली. स्क्रू बसेपर्यंत तिनं काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि बिट्टीचा स्टुलावरचा फोटो काढला. रविवारी छापून आलं, 'पडद्याविना वाढणारी नात'. काकांनी कात्रण फ्रेम करून तक्त्याशेजारी लावलं. ही बातमी शहरभर फिरली ती मोबाईलवरूनच, पण हे काकांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

या सगळ्याचा भार पडायचा तो सुनेवर, म्हणजे बिट्टीच्या आईवर. शाळेचा गृहपाठ यायचा मोबाईलवर. पोरीनं मोबाईल बघायचा नाही, हा सासऱ्यांचा नियम. मग सून रोज कचेरीतून गृहपाठ कागदावर छापून आणायची आणि साहेबांची बोलणी खायची. तक्रार केली की काका म्हणायचे, "अगं, दहा वर्षांनी माझे आभार मानशील." ती भाजी चिरायला घ्यायची.

गेल्या वर्षी बिट्टीचे मार्क एकदम घसरले. वर्गशिक्षिकेनं वहीत चिठ्ठी पाठवली. 'पडद्यावरची गणितं उतरवताना आकडे चुकवते. शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. डोळे तपासून घ्यावेत.' ही चिठ्ठी वाचून काका आधी हसले आणि मग भडकले.

"डोळे तपासून घ्या! मला सांगतात! चाळीस वर्षं मी दुसरं काय केलंय?"

"बाबा, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवूया ना," सून म्हणाली. "बाईंना वाटलं म्हणजे काहीतरी असेल."

"बाईंना स्वतःला शिकवता येत नाही, म्हणून पोरीच्या डोळ्यांवर ढकलतायत. बिट्टी, ये इकडे."

बिट्टी स्टुलावर बसली. पाच, आठ, दोन, सहा, तीन. काकांनी 'बघ!' अशा नजरेनं सुनेकडे बघितलं. तिनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि विषय तिथेच मिटला.

मिटला असं म्हणायचं, पण बिट्टीच्या मार्कांचं काही मिटलं नाही. पुढच्या वर्गात तिला मागे पडलेल्या मुलांच्या तुकडीत बसवायचं घाटत होतं. काकांनी त्याचंही खापर पडद्यावर फोडलं. फळा असता तर पोरगी पहिली आली असती, असं ते फ्रेम चढवलेल्या प्रत्येकाला सांगत. आणि तो बिचारा, हलता येत नसल्यामुळे, हो म्हणे.

अशात शाळेच्या मुख्याध्यापिकेचं बोलावणं आलं. पालकसभेत 'मोबाईल, टीव्ही आणि आपली मुलं' यावर काकांनी चार शब्द सांगावेत. काका हरखून गेले. नुसते शब्द काय कुणीही सांगेल, आपण पुरावा दाखवायचा. दुकानातला तक्ता पिवळा पडलेला, कडा विरलेल्या. तो भिंतीवरून काढला असता तर हातातच आला असता. म्हणून त्यांनी नवाकोरा तक्ता मागवला. कार्यक्रमाच्या दिवशी गुंडाळी तशीच काखेत मारून, इस्त्रीचा सदरा घालून, ते नातीला घेऊन शाळेत गेले.

सभागृह गच्च भरलं होतं. काका रंगात येऊन बोलले. लोक हसले, काहींनी हातातले मोबाईल खिशात टाकले, काहींनी त्याच मोबाईलवर काकांना टिपून घेतलं. वर्गशिक्षिका मागच्या रांगेत बसलेली. काकांचं अर्धं भाषण तिच्याकडे बघूनच चाललं होतं.

"आता बोलणं पुरे," काका म्हणाले. त्यांनी तक्ता व्यासपीठाच्या एका टोकाला लटकवला, पावलांनी सहा मीटर मोजले आणि खुर्चीत बिट्टीला बसवलं. एका हातात माईक, दुसऱ्या हातात पट्टी घेऊन ते तक्त्यापाशी उभे राहिले. पट्टी शेवटच्या ओळीखाली धरली. बिट्टीनं एक डोळा झाकला.

"पाच, आठ, दोन, सहा, तीन."

टाळ्या कडाडल्या. ती ओळ एवढी बारीक, की सभागृहात बसलेल्या कुणाला वाचता येणं शक्यच नव्हतं. वाचता येत होती फक्त काकांना, कारण ते तक्त्याला खेटून उभे होते. नव्या तक्त्यावरची शेवटची ओळ होती नऊ, चार, सात, दोन, पाच.

काकांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. आधी वाटली ती लाज, भीती मागून आली. हा क्रम त्यांना पुढे कायम बोचत राहिला.

त्या क्षणी ते 'शाबास' म्हणून थांबले असते तर कुणाला काही कळलं नसतं. टाळ्या चालूच होत्या. मुख्याध्यापिका पुष्पगुच्छ घेऊन उठलीसुद्धा होती. पण काकांची पट्टी आपोआप एक ओळ वर गेली.

"ही वाच."

"सात, तीन, नऊ, चार." सगळं चूक.

पट्टी आणखी वर. बिट्टी न अडखळता म्हणत गेली, अगदी सुरात. मग पट्टी अशा ओळीवर आली की पुढच्या रांगेतल्या मुलांना आकडे दिसू लागले. एक जण खुदकन हसला. "चुकतेय ती!" दुसरा म्हणाला. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या.

बिट्टीनं चमचा डोळ्यावरून काढला. डोळे बारीक करून तक्त्याकडे बघितलं, मग उठून चार पावलं पुढे आली आणि पुन्हा बघितलं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "हा आपला तक्ता नाहीये का?"

ती हळूच बोलली, पण माईक काकांच्या हातात होता. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी सून पोरीला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. काकांना कुणी 'चला' म्हटलं नव्हतं, ते आपणहून मागोमाग गेले. डॉक्टरीण वयानं लहान, बोलायला मऊ. तिनं थेंब घातले, तासभर तपासलं आणि मग समोर बसवून सांगितलं.

"दोन्ही डोळ्यांना बराच नंबर आहे. उजवा चष्म्यानं सुधारेल. डावा मात्र लहानपणापासून मागे पडलाय. त्यातून धड दिसत नाही म्हणून मेंदूनं त्याच्याकडून काम घेणंच सोडून दिलंय. चार-पाच वर्षांची असताना आणली असतीत, तर हमखास सांगितलं असतं की बरा होईल."

"मोबाईलमुळे नाही ना झालं हे?" काकांनी विचारलं. कुठूनतरी लागलंच असेल मोबाईलचं वारं पोरीला, अशी एक वेडी आशा त्यांच्या आवाजात होती.

"नाही हो काका."

"शाळेतल्या पडद्यामुळे?"

"त्याचाही संबंध नाही. असा नंबर लहानपणापासूनच असतो. वेळेवर तपासणी झाली असती तर लक्षात आलं असतं."

खापर फोडायला काकांना एखादं डोकं हवं होतं. एकेक करून सगळी डोकी बाजूला झाली आणि त्यांचं स्वतःचं तेवढं उरलं.

बाहेर बाकावर सून येऊन बसली. ती रागवेल, चार शब्द सुनावेल, याची काका वाट बघत होते. ती एवढंच म्हणाली, "बाईंची चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे, बाबा. मी तुमचं ऐकलं, ही माझी चूक." ओरडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

बिट्टीचा चष्मा काकांनी स्वतः केला. काचा घासताना एक काच वाया गेली, दुसरी घेतली. चष्मा तिच्या कानांवर बसवताना त्यांनी विचारलं, "दिसत नव्हतं, तर बोलली का नाहीस गं?"

"आधी मला वाटायचं, ते पाठ म्हणायचं असतं. पाढ्यांसारखं."

"आणि नंतर?"

बिट्टीनं भिंतीवरच्या कात्रणाकडे बोट दाखवलं. "नंतर पेपरात आलं ना."

चष्मा लावून ती दारात गेली आणि रस्त्यापलीकडच्या पाट्या एकामागून एक वाचत सुटली. औषधांचं दुकान, शिवणकाम, इथे गाडी लावू नये. काका आत वळले आणि उगाच काचांची पेटी आवरू लागले. त्यांना रडू येत होतं आणि ते पोरीला दिसायला नको होतं. आता तिला दिसलं असतं.

डाव्या डोळ्यासाठी डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला तोही असा, की ऐकताना काकांनी मान खाली घातली. रोज दोन तास चांगला डोळा पट्टीनं झाकायचा आणि टॅबलेटवर एक खेळ खेळायचा. पाण्यात मासे येतात, दिसला की बोट लावायचं. हळूहळू मासे फिके होत जातात. शेजारी कुणीतरी बसायचं, कारण मुलं पट्टी सरकवून बघतात. किती सुधारेल? "अकराव्या वर्षी सांगता येत नाही. करून बघायचं," ती म्हणाली.

म्हणजे आता दुपारी दोन वाजता दुकानात बिट्टी येते, उजव्या डोळ्यावर पट्टी लावून बसते, आणि शेजारी नंबरकाका टॅबलेट दोन्ही हातांत धरून बसतात. भिंतीवर नवा तक्ता आहे. जुना कुठे गेला ते काका सांगत नाहीत. गिऱ्हाइकांना ते चटकन मोकळं करतात. परवा एक बाई पोराला घेऊन आली. तिनं शहरभर फिरलेली ती बातमी वाचलेली होती, त्यानंतरचं तिला माहीत नव्हतं. "काका, तुम्हीच सांगा याला, मोबाईल डोळ्यांना किती वाईट."

"मला नाही माहीत," काका म्हणाले. "त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आजच जा. माझ्यावर विसंबू नका."

बाई गोंधळून काकांच्या हातातल्या टॅबलेटकडे बघत निघून गेली. काका पुन्हा नातीजवळ येऊन बसले. एक डाव संपला होता. त्यांनी पट्टीची कड दाबून बसवली आणि पुढचा डाव सुरू केला. निळं पाणी हललं.

"मासा दिसतोय का गं?" त्यांनी विचारलं.

"दिसतोय की, आजोबा!" बिट्टी लगेच म्हणाली.

पडद्यावर अजून एकही मासा आलेला नव्हता.