चंद्रभागेच्या बोटांचं झाकण

पौषातल्या उन्हात आम्ही घेवड्याचं बी गाडग्यात भरलं. मी राख चाळायची, बायकोनं, चंद्रभागेनं, ती बियात कालवायची. लग्न झाल्यापासून हेच. राख असली की कीड लागत नाही. "घाला की सढळ हातानं! राख का सोन्याची हाय?" असं म्हणत तिनं गाडग्याचं तोंड शेणानं लिंपलं. त्यावर तिची चार बोटं उमटली. त्याच आठवड्यात ती गेली.

तेरावा झाला, मुलगा मला न्यायला टेम्पो घेऊन आला. गावातले तुम्ही सगळे रस्त्याला उभे होता, हात करत होता. मी केला नाही. मांडीवर गाडगं होतं, दोन्ही हातांनी धरलेलं. राग धरू नका.

इथं नगरात फ्लॅट आहे. चूल नाही, म्हणून राख नाही. आपल्याकडं तांदळाचं धुवण वेलाला जायचं, इथं मोरीत जातं. दिवसभर सगळे बाहेर. मी गाडग्याशी बोलतो. कुणाला हसायचं तर हसा.

नात अश्विनी नववीत आहे. त्यांच्या शाळेत कॉम्प्युटर आलाय. निसर्ग कसा जपावा, ते मुलांनी त्यावर मांडायचं होतं. मला नेऊन दाखवलं. पोरीनं आजीचं गाडगं काढलं होतं, रंगीत, वरची बोटंसुद्धा. चौकोनी फ्लॉपी नाचवत म्हणाली, "आता आजीचं बी कधीच जाणार नाही. यात आहे."

"उगवंल का त्यातून?"

"काहीतरीच काय, आजोबा! आणि तुमचं तरी कुठं उगवतंय? बंदच तर ठेवलंय."

तोंडाची तिखट, आजीवर गेलीय. पण खोटं बोलली नाही. दुसरा मृग निघून चालला होता. जुनं झालं की बी मरतं, हे मला का ठाऊक नाही? पण झाकण फोडलं की तिची बोटं जाणार.

तुम्ही विचारता, घरी कधी येता. तिथं कुलूप आहे. तिचा हात लागलेलं जे काही उरलंय, ते इथं माझ्यापाशी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गळकी बादली गॅलरीत ओढली. अश्विनीनं खालून माती आणली. मी झाकण फोडलं. ते शेण चंद्रभागेनं फेकू दिलं नसतं. हातानं चुरलं, मातीत कालवलं, बोटानं खळगे करून बी टोबलं आणि आत हाक मारली, "सूनबाई, तांदळाचं धुवण मोरीत ओतू नगं. इकडं आण."