पायडलचे दोन झटके

त्याला सगळे नापासमास्तर म्हणत. शाळेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता बरं का! मिक्सर, पंखे, चार्जर, जे काही विजेवर चालतं ते बाजारात जाण्याआधी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. वस्तूला हात लावला तर शॉक बसेल का, हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा जरा आडवळणाचा. प्रत्येक यंत्र चालता चालता थोडी कटकट करतंच. डोळ्यांना दिसत नाही, पण ती वायरीतून आणि हवेतून पसरते. मग कुणाचा टीव्ही थरथरतो, कुणाचा रेडिओ खरखरतो. ही कटकट किती चालेल याची एक लाल रेघ त्याच्या स्क्रीनवर असे. आलेख तिच्या खाली राहिला तर पास, वर गेला तर नापास.

"मास्तर, केसभरच तर वर गेलंय हो," कारखानदार गयावया करत.

"केसभर वर म्हणजे वरच," मास्तर म्हणे, आणि नापासाचा शेरा मारून मोकळा होई. त्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

तपासणीची खोली म्हणजे एक मोठी लोखंडी पेटीच. आत भिंतींवर फोमचे निळे सुळके, आणि दार असं घट्ट बसणारं की बाहेरची एकही लहर आत येऊ नये. आत गेलं की मोबाइल मेल्यासारखा. बाहेर आले की बाकीचे लोक धावत जाऊन कुणाकुणाचे फोन आले होते ते बघत. मास्तर बघत नसे. त्याचा फोन बाहेरही गप्पच असे. लग्न झालं नव्हतं. आई होती तोवर स्थळं येत होती, आई गेली तशी स्थळंही गेली. एक बहीण होती, ती लांब दिलेली. ती सणासुदीला फोन करून "जेवलास का?" विचारी, हा "हो" म्हणे, आणि मग दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नसे.

घरी आला की तो रेडिओ लावी. गाणी ऐकायला नाही! काटा दोन स्टेशनांच्या मधोमध आणून ठेवी आणि खुर्चीत बसून नुसती खरखर ऐके. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, ह्याचा एक स्क्रू ढिला आहे. पण त्या खरखरीत अख्खी इमारत होती. टक् झालं की समोरच्यांचा फ्रिज सुरू झाला. घूंऽ करून लिफ्ट वर गेली. आणि मधूनच कर्र, कर्र, कर्रर्र, ते वरच्या मजल्यावरच्या मावशींचं शिलाई मशीन. मावशी एकट्याच राहत, लोकांचे कपडे आणि पडदे शिवून पोट भरत. मशीन जुनं, मोटर त्याहून जुनी. ती लाल रेघेच्या कितीतरी वर असणार, हे मास्तरला नुसत्या कानाने कळे. आवडेही. दिवसभर ज्या कटकटीला तो नापास करी, तिच्याच सोबतीने त्याची संध्याकाळ जाई.

एकदा सुटीच्या दिवशी जिन्यात गाठ पडली तेव्हा तो बोलून गेला, "मावशी, आज मोठं काम उरकलंत वाटतं. दुपारपासून मशीन थांबलं नाही."

"अगंबाई! तुम्हाला हो कसं कळलं?"

"तुम्ही माझ्या रेडिओत येता."

मावशी पोट धरून हसल्या. "घ्या! सात पिढ्यांत कुणी रेडिओवर गेलं नव्हतं, मी गेले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर चहा गाळत असताना रेडिओत दोन छोटे झटके आले. कर्र. कर्र. शिवणकामाचा आवाज असा नसतो. मास्तर छताकडे बघून एकटाच हसला. मग ते रोजचंच झालं. मावशी मशीनवर बसल्या की आधी पायडलला दोन झटके देत: उठलेय बरं का, ठीक आहे. इकडून उत्तर द्यायची काही सोय नव्हती, पण ते झटके आल्याशिवाय मास्तरला चहा गोड लागेना.

मग मावशींच्या शेजारी नवा भाडेकरू आला. मशीन सुरू झालं की त्याच्या टीव्हीवर आडव्या रेघा येत. तो मावशींच्या दारात येऊन नाही नाही ते बोलला. मशीन बंद करा, नाहीतर मालकाकडे जातो, म्हणाला. मावशी रडकुंडीला येऊन खाली आल्या. "भाऊ, मशीन बंद केलं तर मी खाऊ काय?"

मास्तरच्या हातचं काम होतं. त्याने मशीन उचलून प्रयोगशाळेत नेलं, मोटरच्या वायरीवर कटकट अडवणारा फिल्टर बसवला आणि आलेख काढला. थोडी कसर ठेवायची, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. आलेख रेघेच्या इतका खाली गेला की सोबतचे म्हणाले, "अरे, मास्तरने कुणाला तरी पास केलं! पेढे आणा!"

मशीन परत लावून दिलं. टीव्ही स्वच्छ झाला, भाडेकरू गप्प झाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरचा रेडिओही गप्प. असं होणार हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण चहाचा कप हातात घेऊन तो वाट बघत बसला, आणि काहीच आलं नाही, तेव्हा त्याने चहा तसाच मोरीत ओतला.

त्याच संध्याकाळी जिन्यात मावशींनी विचारलं, "सकाळी दिले होते हो झटके. येतंय ना अजून ऐकू?"

आता खरं सांगायला काय जात होतं? पण खरं सांगायचं तर त्या झटक्यांचं आपल्याला काय वाटतं तेही सांगावं लागलं असतं, आणि तिथे गाडी अडली. शिवाय मावशींचा चेहरा असा की 'नाही' म्हणवेना.

"येतंय की," मास्तर म्हणाला.

जन्मात एक शेरा त्याने खोटा मारला, तो हा.

वरून रोज झटके येत राहिले, खाली कुणाला ऐकू येत नव्हते. मावशी विचारायच्या, हा मान डोलवायचा. खरखरीत आता मन लागेना, म्हणून त्याने काटा सरकवून स्टेशनावर आणला आणि चारचौघांसारखी गाणी ऐकायला लागला.

एका रविवारी तो दिवसभर घरीच होता. खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून कपाट आवरत बसला होता. संध्याकाळी जिन्यात धावपळ ऐकू आली म्हणून दार उघडलं, तर चौघे जण मावशींना खुर्चीत बसवून खाली आणत होते. सकाळीच त्या मशीनपाशी पाय घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. पडदे न्यायला आलेल्या बाईला कुणी दार उघडेना, तेव्हा कळलं. तोवर अख्खा दिवस त्या तशाच जमिनीवर होत्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर दवाखान्यात गेला. मावशींचा चेहरा एवढासा झाला होता.

"कुठे गेला होतात हो काल?" त्यांनी विचारलं. "आधी ओरडले, शेजारी कुलूप, मग आवाज बसला. पायडल हाताला लागत होतं. म्हटलं, भाऊ आहेत खाली, रेडिओत ऐकतीलच. दोन दोन झटके देत राहिले. हात दुखून गेला."

गावाला गेलो होतो, एवढं म्हटलं असतं तर मास्तर सुटला असता.

"घरीच होतो, मावशी."

"मग?"

"ऐकू येत नव्हतं. फिल्टर बसवला त्या दिवसापासूनच."

"रोज येतंय म्हणायचात ते?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि... मलाही."

मावशी रागावल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, सांगायचं ना. रोज सकाळी खाली येऊन दार वाजवलं असतं मी. एकच तर जिना होता."

आता त्यांना जिना जमणार नव्हता. पुतण्या आला आणि त्यांना आपल्या घरी, लांब, घेऊन गेला. सामान विकलं, मशीन मात्र मावशींनी मास्तरला द्यायला सांगितलं.

त्याने ते खिडकीशी ठेवलं. कितीतरी दिवस हात लावला नाही. मग एका सकाळी, चहा गाळून झाल्यावर, त्याने मोटरच्या वायरीवरचा फिल्टर काढून टाकला. रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे आणला. पायडलवर पाय ठेवून दोन झटके दिले.

कर्र. कर्र.

अगदी तसाच आवाज आला. मास्तरने सवयीने छताकडे पाहिलं. वरची खोली अजून भाड्याने जायची होती.