दगडफुलांची कायम जागा

बोर्गहिल्डने दगडफुलांच्या संशोधनात चौदा वर्षं काढली, तीही कंत्राटी. नॉर्वेच्या पार उत्तरेतल्या त्या विद्यापीठात दर दोन वर्षांनी तिचा करार संपायचा आणि नवा प्रकल्प मिळाला की पुन्हा सुरू व्हायचा. याला कुणी अन्याय म्हणत नसे. पद्धतच होती तशी.

"अजून शिकतेच आहेस का गं?" एक्क्याऐंशी वर्षांची आई दर रविवारी विचारायची.

"शिकवतेय, आई."

"मग दर दोन वर्षांनी परीक्षेला बसल्यासारखं तोंड का होतं तुझं?"

अखेर एक दिवस विभागप्रमुख ओड्वार कॉफीचा पेला घेऊन आला. "कायम जागा मंजूर झाली. जाहिरात तूच लिही. या विषयातलं इथे दुसऱ्या कुणाला कळतंय?"

"पण मी अर्ज करणार आहे."

"म्हणूनच सांगतोय. अशी लिही, की तुझ्याशिवाय कुणाच्या अंगाला बसणार नाही."

पण बोर्गहिल्डचा सरळपणा आडवा आला. विषयाला जे हवं तेच तिने लिहिलं. ओड्वारने वाचून मान हलवली. "ही सगळ्यांच्याच मापाची झाली गं."

एक्केचाळीस अर्ज आले. बाहेरचे तीन प्राध्यापक सात महिने ते चाळत बसले. अहवालात बोर्गहिल्डच्या 'या प्रदेशाच्या असाधारण जाणकारीचं' कौतुक होतं आणि पुढच्याच ओळीत हा प्रदेश लहान असल्याची नोंद. तिचा नंबर दुसरा. पहिला आला डेन्मार्कचा एस्बेन. त्याचे शोधनिबंध तिच्या दुप्पट होते. त्यातले चार तिच्याच निष्कर्षांवर उभे होते.

माणूस मात्र गुणी. पहिल्याच आठवड्यात तो तिच्या दारात उभा. "रेनडियर नेमकी कुठली दगडफुलं खातात, दाखवशील?"

तिच्या कराराचे तीन महिने उरले होते. तिने त्याला डोंगर न् डोंगर दाखवला. एकदा खडकावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "खरं सांगू? तुझी जागा घेतल्यासारखं वाटतं."

"वाटतं काय, घेतलीच आहेस." तिने थर्मासमधली कॉफी त्याला ओतून दिली. "पण ढापली नाहीस, हीच पंचाईत. रागवायचं तरी कुणावर?"

करार संपला. रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या एका गावातल्या चराई कार्यालयात तिने नोकरी धरली. सहा महिन्यांत कायम झाली. अर्जाला जोडायला दोनच पानं लागली होती.

दोन अंधारे हिवाळे काढून एस्बेन कोपनहेगनला परतला. मग ओड्वारचा फोन आला. "जागा पुन्हा निघालीय."

बोर्गहिल्डने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"निवड समितीवर येशील? बाहेरचं तज्ज्ञ माणूस लागतं, आणि देशात तुझ्या तोडीचं कुणी नाही."

"तिथे होते तेव्हा दुसरी आले होते रे मी."

"तेव्हा तू बाहेरची कुठे होतीस?"

ती हो म्हणाली. तेहतीस अर्ज आले, आणि तिने निबंध मोजले नाहीत, वाचले. एस्टोनियाच्या मारिकाचे जेमतेम पाच होते, पण प्रत्येकामागे एक अख्खा उन्हाळा कळपामागे हिंडून काढलेला. बाकीचे दोघे प्राध्यापक अडून बसले. बोर्गहिल्डने एकोणीस पानं लिहिली, तेव्हा कुठे ते वाकले.

रुजू होण्याआधी मारिका चराई कार्यालयात भेटायला आली. बोर्गहिल्डने तिला दिवसभर डोंगरावर हिंडवलं. उतरताना मारिकाने न राहवून विचारलंच, "तुम्ही का नाही अर्ज केलात?"

"मला नोकरी आहे," बोर्गहिल्ड म्हणाली. हे वाक्य तिने जरा सावकाशच उच्चारलं.