अक्कांची लेक

डोक्यावर पदर घेऊन चॅट रूममध्ये शिरणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. जळगावच्या एका सायबर कॅफेत अक्का खुर्चीवर बसायच्या, चष्मा पुसायच्या, पदर नीट डोक्यावर घ्यायच्या आणि मग एका बोटाने आपलं नाव टाइप करायच्या. मी हसलो, तर म्हणाल्या, "लोकेसना घरमा जावानं, मंग पदर नको का?"

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी धुळ्याचा, देवपुरातल्या कॉलेजात एम.ए. करणारा. लोक इंटरनेट कशासाठी वापरतात, यावर मला प्रबंध लिहायचा होता. विषय नवा, म्हणून माझी कॉलर जरा ताठच असायची. अधूनमधून एसटीने जळगावला यायचं, कॅफेच्या कोपऱ्यात बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. बहुतेक जण निकाल बघायला येत. बाकीचे जे बघायला येत, ते प्रश्नावलीत लिहीत नसत.

अक्का निवृत्त नर्स. सगळी नोकरी बाळंतपणं करण्यात गेलेली. कॅफेचा मालकही त्यांच्याच हातावर जन्मलेला, त्यामुळे संगणक शिकवताना तोच त्यांच्यापुढे विद्यार्थ्यासारखा उभा राहायचा. कोणी "हाय" म्हटलं की अक्का इंग्रजी अक्षरांत आधी जेवण झालं का ते विचारायच्या. कोण, कुठला, ही चौकशी नंतर. अर्धे लोक तिथेच पळून जात. उरायचे ते मात्र रोज यायचे.

त्यांत परदेशात राहणारी एक मराठी मुलगी होती. पहिलटकरीण, घरात मोठं माणूस नाही. कंबर दुखते, झोप लागत नाही, असं काहीबाही ती विचारायची. डॉक्टरकडे कधी जायचं ते अक्का बजावायच्या, आणि वर सांगायच्या, घाबरू नकोस, माझ्या लेकीलाही असंच होतंय, तिलाही सातवा लागलाय.

माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता. इंटरनेटवर तुम्ही स्वतःबद्दल खरं सांगता का? अक्कांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाल्या, "मले लेक नही शे, भाऊ. लगीनच नही झायं." उठताना म्हणाल्या, "हाई कोठे छापू नको."

मी शब्द दिला आणि मोडला. मोडतोय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. प्रबंधात अक्कांवर एक पान लिहिलं, ते माझ्या मार्गदर्शक सरांना फार आवडलं. त्यांनी सुचवलं म्हणून मी जळगावच्याच एका दैनिकाला लेख दिला. नाव बदललं की झालं, अशी माझी समजूत. निवृत्त नर्स, डोक्यावरचा पदर, नसलेली लेक, सगळं रंगवून लिहिलं. अहो, निम्मं गाव जिच्या हातावर जन्मलं, तिला ओळखायला नाव कशाला लागतं? लेख आला त्या दिवशी मी देवपुरात पेढे वाटले. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

दोनेक महिन्यांनी जळगावला गेलो, तर मालक माझ्याशी बोलेना. शेवटी त्यानेच सांगितलं. लेख आला त्या सकाळी अक्का येऊन बसल्या होत्या. मागून कोणीतरी विचारलं, अक्का, लेकीला कितवा? अक्का उठून निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

मी चॅट रूम उघडली. ती मुलगी तिथे भेटेल त्याला विचारत होती, अक्का कुठे आहेत? मला मुलगी झाली म्हणून सांगा. त्यांच्या लेकीला काय झालं?

निरोप कागदावर उतरवून मी अक्कांच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण नुसता कागदच पुढे केला. अक्कांनी कागद वाचला. बाळ जन्मताच रडलं ना, एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं. तिला काय कळवू, असं मी विचारलं.

"तू तं खरं लिखस ना? मंग तिले खरंच लिख."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. वर त्यांनी चहाही दिला, आणि तो मी प्यालो.

कॅफेत परत येऊन मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. अक्कांना लेक नाही, एवढंच टाइप करायचं होतं. ते माझ्याच्याने झालं नाही. त्यांच्या लेकीलाही मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असं मी लिहिलं. पलीकडून लगेच आलं, अय्या, नाव काय ठेवलं?

ते अक्कांना विचारायला हवं होतं. फक्त दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या. मी संगणक बंद केला आणि एसटी स्टँडची वाट धरली.