कोठीचा जिना

कागदावरनं का होईना, जवळ सरक गं. बोलणी खायचीत तुला आज. धाकटी बहीण तू माझी, अन् फोनवर मलाच शिकवतीस, "त्या जुन्या कोठीत काय ठुलंय अक्का? गुडघे सांभाळ." गुडघे माझे हायत, त्यांचं मी बघीन!

आपली माय दर बाजारी जहागीरदाराच्या त्या कोठीवर लोणी घेऊन जायची. तुला काय आठवणार, तू झोळीत होतीस. मागच्या दारी लोणी उतरून घ्यायचे अन् तिथनंच तिला वाटेला लावायचे. वरच्या दिवाणखान्यात मोठाल्या तसबिरी हायत, एवढं तिनं ऐकलं होतं. मरेस्तोवर म्हणायची, "एकदा वर जाऊन यायला पायजे होतं."

आता तिथं संग्रहालय झालंय. मंग काय, सुनेला घेतलं अन् जीपनं गेले. सवयीनं दारात चपला काढल्या. राखणदार हसला, "आजी, देऊळ न्हाई हे. घाला चपला."

"राहू दे बाबा, फरशी गार लागून राह्यली."

खाली तलवारी, पालखी, हुक्के. तसबिरी साऱ्या वर, अन् जिना हा असा उभा! सून म्हणली, "आत्याबाई, तुम्ही बसा बाकड्यावर. मी मोबाईलवर फोटो काढून आणते."

"फोटोच बघायचे असते तर घरी बसले नसते का?"

लुगडं सावरलं, जिन्याकडं पाठ केली अन् खालच्या पायरीवर बसले. हातावर जोर द्यायचा, वरच्या पायरीवर बूड टेकायचं. बसत बसत, उलटी चढले.

"आत्याबाई, लोकं बघून राह्यलेत!"

"बघू दे. त्यांनी बी तिकीट काढलंय."

वर पोचले तवा धाप लागल्ती. कठड्याला धरून उठले, तर समोर जहागीरदारीणबाई. भरजरी साडी, टपोरी नथ, अन् चेहरा असा आंबलेला, की चित्रकारानं बिचारीला बिलकुल हलू दिलं नसंल. हसूच आलं मला. पुढं शिकारीचे घोडे, मंग आंब्यांची परडी. आंबे इतके खरे, की हात पुढं गेला अन् राखणदार "अहं, अहं" करत धावला. बंद करायची वेळ झाली म्हणून तो किल्ल्या वाजवाय लागला, तरी मी एकेका तसबिरीपुढं थांबलेच. मायच्या वाट्याचं बघून राह्यले होते, त्यात जल्दी करून कसं चालंल?

तुझ्या वाट्याचं मात्र मी बघितलं न्हाई. त्याला तुलाच यावं लागंल. दिवाळीचं कारण सांगू नको, पुढच्याच आठवड्यात ये. जीपवाल्याला सांगून ठेवते मी.