कोरा रकाना

"काका, कोरं म्हणजे शून्य नाई जी," असे म्हणून ती पेनाचे टोपण दोनदा टेबलावर आपटीत असे. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांचे त्या वर्षांत आमच्या तालुक्याच्या कचेरीत जाणे झाले असेल, त्यांनी खिडकीजवळच्या संगणकामागून हा आवाज ऐकलेला असणार. ती तेथे कंत्राटी ऑपरेटर होती, उमरखेडकडची. मी आवारातील निंबाखाली अर्ज लिहिण्यास बसतो. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझा अर्ज अक्षरामुळे वा मजकुरामुळे परत आल्याचे कोणी दाखवावे.

कापसावर अळीने घाला घातलेली ती वर्षे. प्रत्येक गावातील दहा ठरावीक शेतांचा कापूस तोलून सरासरी काढीत आणि ती एका मर्यादेखाली आली, तरच गाव मदतीच्या यादीत जाई. कोतवाल कच्चे आकडे आणीत. तक्त्यात मी ते सुवाच्य उतरवून देई. मोकळी जागा दिसली की तेथे 'निरंक' लिहायचे, ही माझी जुनी शिस्त. मागाहून कोणी काही घुसडू नये.

एके दिवशी ती तक्ता घेऊन बाहेरच आली. "काका, या तीन शेतांचं वजन अजून आलंच नाई. तुम्ही निरंक लिहिलं, मशीननं शून्य धरलं, गाव उगाच मर्यादेखाली गेलं."

"यंत्राला एवढे कळू नये?"

"त्याले मी शिकवलं ना! कोरं दिसलं की सोडून द्यायचं. बेरजेत नाई, भागाकारात नाई. शून्य म्हणजे मोजून आलेलं. कोरं म्हणजे मोजायचं राह्यलेलं."

मग हसत तिने सांगितले, की आठवीत गणिताच्या पेपराला ती तापाने फणफणली होती. बाईंनी गैरहजेरी न मांडता शून्य मांडले. सरासरी घसरली, वसतिगृहातली जागा गेली. "पेपर देलाच नाई, तर नापास कशी जी?" सरासरीचा तो प्रोग्राम तिने स्वतः लिहिला होता. मला वाटते, त्याची पहिली ओळ तिच्या मनात त्या शून्यापाशीच उमटली असावी.

तिचा नियम मी उचलला आणि निंबाखाली येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकवूही लागलो.

पुढच्या हंगामात एका गावाचा कोतवाल आला. सहा शेतांपुढे किलो, चारांपुढे नुसती आडवी रेघ. तो सांगू लागला, "बाबूजी, त्या चार वावरांत..."

मी हात वर केला. "समजले. कोरे ठेवायचे."

तिने तक्ता पाहिला, टोपण आपटले. "हे चार कोरे काहून? त्याले इचारलं का, काका?"

"विचारले," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि आकडे भरले. यंत्राने सहानेच भागले. गाव यादीबाहेर राहिले.

आठ दिवसांनी कोतवाल पुन्हा निंबाखाली उभा. "चारही वावरांत तराजू घेऊन गेलतो, बाबूजी. अळीनं एक बोंड ठेवलं नाई. तोलू काय?"

ती चार शून्ये होती. मोजून आलेली.

दुरुस्तीचा अर्ज तिने माझ्याकडूनच लिहून घेतला. नमुन्यात शेवटी एक रकाना होता: चुकीस जबाबदार व्यक्ती. इतरांच्या कबुल्या आयुष्यभर लिहिणारा माझा हात तेथे थांबला. तो रकाना कोरा ठेवून मी कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने माझ्याकडे पाहिले. तिला सारे कळले होते. "हा कोरा नाई राहात, काका," ती म्हणाली. "याचं उत्तर माहीत हाय ना."

मी पेन खाली ठेवले. तेव्हा माझेच पेन घेऊन तिने तेथे स्वतःचे नाव लिहिले. "तपासायचं काम माझं होतं," एवढेच म्हणाली.

गाव यादीत आले. तिचे कंत्राट मात्र पुढे वाढले नाही. आता रेघ दिसली की मी कोतवालाला बसवतो, पाणी देतो आणि त्याचे सगळे ऐकून घेतो. खिडकीजवळ दुसरा ऑपरेटर असतो. तिचा पत्ता मी कोणाला विचारला नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, हे खरे.

त्या दिवशी नाव लिहून झाल्यावर तिने टोपण लावले आणि पेन हळूच माझ्यापुढे ठेवले. टेबलावर एकदाही आपटले नाही.