पाठमोऱ्या बाई

सुमतीबाई गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात विचित्रच प्रश्न आला. शेवटी त्यांच्या कानांवर काय पडलं असेल? रडू नंतर आलं.

साठच्या दशकात बोनकोड्याजवळच्या आमच्या शाळेत बाई गाणं शिकवत. एक पेटी, ढोलकी, दोन बासऱ्या आणि माझ्या झांजा, एवढाच आमचा वाद्यवृंद. आम्ही वाजवायला लागलो की बाई खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसत. गाणं संपलं की पाठमोऱ्याच विचारत, "काय ऐकलंत?" ज्यानं त्यानं स्वतःच्या वाद्याबद्दल बोलायचं, शेजाऱ्याची चहाडी चालत नसे. स्वतः त्या चूक की बरोबर काही म्हणून सांगत नसत. मला याचा भारी राग यायचा.

ठाण्याची स्पर्धा जवळ आली आणि हेडमास्तरांनी फर्मान काढलं, ही कोळ्याची पोर सगळ्यांना पळवते, हिच्या झांजा काढून घ्या. बाईंनी थोडी मुदत मागून घेतली, पण मला विचारलं तेच... "काय ऐकलंस?"

"सगली मागं पडतान, बाई."

"सगळी?" म्हणाल्या आणि हसल्या.

तो हसरा प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्या रविवारी खाडीकाठी बाबांचं जाळं ओढायला हात लावला, तेव्हा उलगडलं. बाबा हाक जरा आधीच देत, म्हणजे ती ऐकून मागच्यांचे हात एकदम येत. सोमवारी मी बाईंना म्हटलं, "माझी झांज ठेका नाय धरत, जाल्याची हाक देते."

बाईंनी खुर्ची गर्रकन माझ्याकडे वळवली. "म्हणजे कशी? दाखव बघू." मग सगळ्या वर्गाकडून ती हाक म्हणून घेतली. "सुरुवातीला ही राहू दे, सगळे एकदम उठतील. पुढे मात्र ढोलकीचं ऐकून वाजव." ठाण्याला आमचा नंबर आला नाही, पण झांजा माझ्याच हातात राहिल्या.

गेल्या वर्षी भेटले तेव्हा मी विचारलंच, पाठ का फिरवून बसायचात? "मी समोर बसले की तुम्ही माझ्या तोंडावर चूक शोधायचात," त्या म्हणाल्या, "स्वतःच्या कानात नाही."

परवा त्यांच्या सानपाड्याच्या घरी गेले. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सुनेनं बाईंची खुर्ची दाराकडे फिरवून ठेवली होती. मी ती खिडकीकडे वळवली, मागे उभी राहिले आणि आमचं गाणं हळू आवाजात म्हटलं. संपल्यावर थांबले... कोणी विचारलं नाही.

तरी सांगितलं, "बाई, शेवटाला अजून घाई होते."